काटा मध्यावर

आमच्या गाडीला गेल्या पावसाळ्यापासून ताप येतो आणि जातो. जुन्या बायका ज्याला एकांतरा म्हणत, तशातला. सकाळी स्वारगेटच्या चौकात ती थंडगार असते, इतकी की तापमानाचा काटा सर्वांत खालच्या रेघेवर अंग टाकून पडलेला असतो. सिग्नल हिरवा होईतो तो उठून मध्यावर येतो, पुढच्या चौकात लाल पट्टीच्या उंबऱ्यावर जाऊन उभा राहतो, आणि मी धास्तावून गाडी कडेला घ्यावी, बॉनेटचा खटका ओढावा, तोवर पुन्हा खाली येऊन निजतो. दारावरची बेल वाजवून पळून जाणाऱ्या पोरासारखा. बॉनेट उघडून पाहावं तर आत वाफ नाही, वास नाही. भर दुपारी झोपमोड झालेल्या माणसाने 'काय हवंय?' म्हणून पाहावं, तसं इंजिन माझ्याकडे पाहत असतं.

त्यात त्याच्या शेजारचा दुसरा काटा, इंजिनाचे फेरे मोजणारा. गाडी उभी असताना त्याने आठशेच्या आसपास मुकाट बसावं एवढीच अपेक्षा. तो पंधराशेला जातो, तिथे पोचल्यावर घरी काहीतरी विसरल्याचं आठवून सहाशेला परततो, गाडी शहारते, आता बंदच पडणार असं वाटतं आणि पुन्हा चढ सुरू होतो. पेटी नव्याने शिकणाऱ्या मुलीचं भात्याकडे दुर्लक्ष व्हावं, मग एकदम लक्ष जावं, तसला तो आवाज. शेजारी उभ्या रिक्षावाल्याला वाटतं, मी त्याला शर्यतीचं आव्हान देतोय. मग तो एकदा गाडीच्या वयाकडे पाहतो, एकदा माझ्या, आणि समजुतीने हसतो.

गाडी २००१ सालची. अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले त्या वर्षी फंडाच्या पैशांतून घेतलेली. पंधरा वर्षं झाली तेव्हा आरटीओत नेऊन तिचं आयुष्य पाच वर्षांनी वाढवून आणलं; ती संपल्यावर आणखी पाच. निरीक्षक गाडीभोवती एक फेरी मारतो, चेसिसचा नंबर ताडून पाहतो, दिवे लावायला सांगतो, आणि कागदावर पाच वर्षं लिहून देतो. त्या खिडकीपाशी उभा असताना माझ्या मनात नेहमी एक विचार येतो, की माणसांसाठीही अशी एखादी खिडकी असती तर मी कितीही लांबच्या रांगेत उभा राहिलो असतो. पण ते असो.

या गाडीच्या आधी आमच्याकडे गोल दिव्यांची, स्टिअरिंगलाच गिअरचा दांडा असलेली एक गाडी होती. त्या काळी गाडी तापणं हा दोष नव्हता, ऋतू होता. द्रुतगती मार्ग अजून व्हायचा होता. मुंबईला जायचं-यायचं ते जुन्या बोरघाटातून, आणि मे महिन्यात त्या घाटात कडेकडेने बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या पाहिल्या की वाटायचं, दंतवैद्यासमोर आ वासून बसलेल्या माणसांची रांग लागली आहे. शिंगरोबाच्या देवळापाशी अण्णा नाणं टाकत. ज्या धनगराने घाटाची वाट दाखवली तो त्याबद्दल जिवाला मुकला, अशी त्याची कथा. वाट दाखवणाऱ्याला निदान चार आणे तरी मिळावेत, असं अण्णांचं म्हणणं. पुढच्या वळणावर गाडी फुसफुसू लागे. अण्णा डिकीतून पाण्याचा कॅन काढत, पण रेडिएटरच्या टोपणाला हात लावू देत नसत. ओलं फडकं टोपणावर ठेवून आम्ही सगळे दगडांवर बसून राहत असू. आई आवळासुपारीची पुडी सोडे आणि म्हणे, "तापलेल्याला लगेच बोलायला जायचं नसतं." ती हे गाडीबद्दल बोलत असे की अण्णांबद्दल, हे मला तेव्हा कळत नव्हतं. अर्ध्या तासाने टोपण उघडलं जाई, पाणी भरलं जाई, आणि अण्णा शर्टाच्या खिशातून छोटी वही काढून लिहीत: तारीख, किलोमीटर, पाणी दोन लिटर.

ती वही हा आमच्या घरचा गुरुचरित्राइतकाच नेमाने उघडला जाणारा ग्रंथ. अण्णांनी चाळीस वर्षांतला पेट्रोलचा प्रत्येक लिटर त्यात नोंदला आहे. धरणाच्या पाण्याची पातळी ज्या हाताने रोज उतरवायची, त्या हाताला मोजल्याशिवाय चैन पडत नसे. पावसाची, दुधाची, माझ्या उंचीची, सगळ्याची नोंद. एकच गोष्ट त्यांनी कधी मोजली नाही, पण ते मला फार उशिरा समजलं.

तर मेस्त्री. आमचे मेस्त्री चिंचेच्या झाडाखाली बसतात, आणि झाडावरून पडणाऱ्या चिंचांइतक्याच सहजपणे त्यांच्या तोंडून निदानं पडतात. "साहेब, पहिल्या गाडीला कार्बोरेटर होता. स्क्रू अर्धा आटा पिळला की आयडलिंग जागेवर. आता सगळं सेन्सर सांगतो आणि कॉम्प्युटर ऐकतो. कानभरणी झाली की संपलं." हे कानभरणीचं प्रकरण त्यांनी मला हातातल्या पान्याने हवेत आकृत्या काढून समजावलं. इंजिनाच्या पाण्यात दोन सेन्सर बुडलेले असतात. एक डॅशबोर्डावरच्या काट्याला खबर देतो, दुसरा कॉम्प्युटरला. दोघांच्याही पोटात असा एक मणी असतो की जो गार असताना विजेला अडवतो आणि तापत जाईल तसा सैल होतो. वीस अंशांना साधारण दोन-अडीच हजार ओहम विरोध करणारा हा मानी गृहस्थ ऐंशी अंशांपर्यंत तीनेकशेवर येतो. विरोध किती उरला यावरून ताप ओळखायचा. कॉम्प्युटरच्या कानात कुणी 'इंजिन गारठलंय' असं सांगितलं, की तो मायेने पेट्रोल वाढवतो, फेरे वाढवतो. दुसऱ्या क्षणी 'छे, ते तर तापलंय' असं कळलं की ओशाळून हात आखडता घेतो. आपल्याला जो इंजिनाचा चढउतार वाटतो, तो खरं म्हणजे काळजी करणाऱ्याचा गोंधळ असतो.

सेन्सर बदलला. काटा दोन दिवस नव्या सुनेसारखा वागला आणि तिसऱ्या दिवशी माहेरच्या सवयीवर गेला.

मग संशय थर्मोस्टॅटवर आला. ही इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधली एक छोटीशी झडप. इंजिन पुरेसं तापेपर्यंत ती पाण्याला बाहेर सोडत नाही. तिच्या आत मेणाची गोळी असते. मेण वितळलं की फुगतं, दांडा ढकलतं, दार उघडतं. एवढ्या धातूच्या पसाऱ्याचा कारभार एका मेणाच्या गोळीवर चालावा, हे मला इतकं आवडलं की जुनी झडप मी खिशात घालून घरी आणली. रात्री चहाच्या पातेल्यात पाणी उकळत ठेवून, दोऱ्याला बांधून, ती मी आत सोडली. तिच्यावर ८२ असा आकडा कोरलेला होता. शेजारी स्वयंपाकाचा तापमापक धरून मी उभा. बायको दारात येऊन शांतपणे पाहत राहिली आणि "मीठ घातलंय का?" एवढंच विचारून गेली. साठ झाले, सत्तर झाले, आणि ऐंशीच्या पुढे कुठेतरी त्या झडपेने अंधारात मांजराने डोळा किलकिला करावा तसा आपला काठ उचलला. ती निर्दोष होती. तिला काढून टाकल्याबद्दल मी मनातल्या मनात माफी मागितली. तापमापकाकडे पाहता पाहता आठवलं, १७४२ साली सेल्सिअस नावाच्या स्वीडिश खगोलशास्त्रज्ञाने जी मोजपट्टी मांडली, तिच्यात पाणी शून्यावर उकळायचं आणि शंभरावर गोठायचं. लोकांनी ती नंतर उलटी करून घेतली. म्हणजे आमच्या गाडीचा काटा फार तर मूळ संहितेला धरून वागत असावा.

पुढे अर्थिंग तपासलं. रात्री दिवे लावले की काटा उडी मारतो का, हे पाहायला सांगितलं होतं. तारेची गाडीच्या सांगाड्याशी जोडणी गंजली असली तर दिव्यांची वीज परतीची वाट शोधत भलत्याच तारेत शिरते आणि काटा उगीच शहारतो. मी दिवे लावले, मालवले, लावले. काटा हलला नाही. समोरच्या इमारतीतल्या काकूंनी मात्र खिडकी लावून घेतली. थ्रॉटल बॉडी काढून धुतली. तिच्यातून चुलीच्या धुराड्यातून निघावा तेवढा कार्बन निघाला, आणि सगळ्यांना आनंद झाला, कारण काळं पाणी वाहून गेलं की रोगही वाहून गेला असं वाटतं. आयडलच्या व्हॉल्वची नळी साफ केली. हवेचे रबरी पाइप कानाला लावून कुठे फुसफुस येते का ते ऐकलं. सगळं ठीक होतं. सगळं ठीक असूनही काहीतरी ठीक नसणं, हा प्रकार मला ओळखीचा वाटू लागला होता.

कारण घरात अण्णा होते.

आई जाऊन तेव्हा दोन वर्षं होत आली होती. अण्णा सकाळी उठत, पेपर वाचत, घडी घालून ठेवत, पुन्हा उघडत. गॅलरीत जात, तिथून काहीतरी आठवल्यासारखे आत येत, खुर्चीवर बसत, उठत. चालणाऱ्या इंजिनाचं एक बरं असतं, त्याला कुणीतरी खेचत असतं, ढकलत असतं, चढ असतो, उतार असतो. गाडी उभी करून नुसतं चालू राहायचं, कुणाचाही पाय ॲक्सिलरेटरवर नसताना एका लयीत श्वास घेत राहायचं, हे इंजिनाचं खरं कठीण काम. तेवढ्यासाठी हवा, पेट्रोल आणि ठिणगी यांचा हिशेब केसाइतका बारीक जुळावा लागतो. अण्णांची निवृत्ती २००१ साली झाली असं आम्ही म्हणत होतो. ती खरी झाली आई गेल्यावर.

विचारलं तर ते म्हणत, "बरं आहे." झोप लागली का? बरं आहे. गुडघा? बरं आहे. मेस्त्री एकदा म्हणाले होते, की हल्लीच्या बहुतेक गाड्यांमधला तापमानाचा काटा मुद्दामच लबाड बनवलेला असतो. पाणी पाऊणशे अंशांवर असो की शंभरावर, तो आपला मध्यावर. लोकांना उगीच घोर लागू नये म्हणून. तो हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. आमची गाडी जुनी, तिचा काटा भोळा, जे आत जाणवतं ते बाहेर सांगून टाकणारा. अण्णांचा काटा मात्र पहिल्यापासून मध्यावर. तो वाचता यायचा फक्त आईला. ती म्हणायची, "तुझ्या वडिलांचं 'बरं आहे' तीन प्रकारचं असतं. एक म्हणजे खरंच बरं आहे. दुसरं म्हणजे बरं नाही, पण आत्ता विचारू नका. आणि तिसरं म्हणजे बरं नाही, आणि अजून एकदा विचारा." कुठलं कुठलं हे कसं ओळखायचं, ते विचारायचं माझं राहून गेलं.

त्या रविवारी गॅरेजला निघताना मी सहज म्हणालो, "येता का?" आणि अण्णा चक्क चपला घालून उभे राहिले. चिंचेखाली त्यांना स्टूल मिळालं. मेस्त्रींनी सगळ्या चौकशीचा इतिहास सांगितला. अण्णांनी तो जुन्या साहेबाच्या सवयीने, मध्ये न बोलता ऐकून घेतला आणि विचारलं, "टोपण उघडून पाहिलंत?"

"काका, बाटली फुल्ल आहे," मेस्त्री म्हणाले. रेडिएटरशेजारी कूलंटची पांढरी बाटली असते, तिच्यावर दोन रेघा. हिरवं पाणी वरच्या रेघेला टेकलेलं होतं. आम्ही सगळे गेले तीन महिने त्या बाटलीकडे पाहून निर्धास्त होतो.

"बाटली नाही विचारली मी. टोपण."

आणि मग अण्णा बोलू लागले. नदीकाठी पातळी मोजायला विहिरीसारखी एक खोली बांधलेली असते, नदीला नळीने जोडलेली. लाटांनी आकडा हलू नये म्हणून नदीत न मोजता त्या विहिरीत मोजायचं. पण नळीच्या तोंडाशी गाळ बसला की नदी उतरते आणि विहीर तशीच राहते. "आकडा रोज सारखाच यायला लागला, की मी नदीवर जाऊन बघायचो," अण्णा म्हणाले. एवढं सलग बोलताना मी त्यांना कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं.

सकाळची वेळ, इंजिन गार होतं. मेस्त्रींनी टोपण फिरवलं. आत पाणी दिसलंच नाही. बोट घालून चाचपावं लागलं. टोपणाच्या पोटात दोन झडपा असतात. पाणी तापून फुगलं की एक उघडते आणि जास्तीचं पाणी बाटलीत जातं. गार झालं की दुसरी ते परत ओढून घेते. आमच्या टोपणाचं रबर वाळून चिरलं होतं. पाणी बाटलीत जात होतं, परतताना मात्र त्याच्याऐवजी हवा शिरत होती. त्यामुळे बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा. हवेचा तो गोळा आत फिरत राही. सेन्सरपाशी आला की काटा झोपे, पाण्याची उकळी आली की उठे. कॉम्प्युटरही त्याच हवेचं ऐकून पेट्रोल वाढवी, कमी करी. दोन काट्यांचे दोन आजार आम्ही वेगवेगळे समजत होतो. रोग एकच होता. शिवाय सेन्सर आणि थर्मोस्टॅट बदलताना पाणी काढून आम्हीच त्यात आणखी हवा भरली होती. वैद्यांनीच रोगाला खाऊ घालावं, तसं झालं.

"आत पोकळी झालीय, काका," मेस्त्री म्हणाले.

हा शब्द ऐकून अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी त्यांच्याकडे. आईच्या शोकसभेत सोसायटीच्या सभागृहात सहा जण बोलले होते, आणि सहाही जणांनी तिच्या जाण्याने निर्माण झालेली पोकळी कधीही भरून न निघणारी असल्याचं सांगितलं होतं. पाचव्या वक्त्याच्या वेळी अण्णा माझ्याकडे झुकून, अगदी हळू आवाजात म्हणाले होते, "घनफळ किती, ते कुणी सांगत नाही." मी त्या क्षणी रडावं की हसावं हे न कळून खाली पाहत राहिलो होतो.

आता अण्णांनी तोच प्रश्न मेस्त्रींना केला. "किती?"

"अर्धा-पाऊण लिटर," मेस्त्री म्हणाले.

नवं टोपण आलं. सबंध कहाणीतली सगळ्यांत स्वस्त वस्तू ती. पण आत अडकलेली हवा काढायला घाई चालत नाही, तेव्हा हे काम दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही बापलेकांनी सोसायटीच्या उतारावर केलं. गाडीचं नाक चढाकडे करायचं, म्हणजे टोपण सगळ्यांत उंचावर येतं. ते उघडं ठेवायचं, हीटर पूर्ण गरम करून सोडायचा, इंजिन नुसतं चालू ठेवायचं आणि वाट पाहायची. पाणी तापतं, मेणाची गोळी वितळते, दार उघडतं, आणि कोपऱ्याकापऱ्यात दडलेली हवा एकेक करून वर येते. दूध पिऊन झालेल्या बाळाला खांद्यावर घेऊन पाठ थोपटत राहावं, तसं आम्ही दोघं दोन बाजूंना उभे. मध्येच एक मोठा बुडबुडा वर आला, फुटला, आणि पाण्याची पातळी बोटभर खाली गेली. "आली," अण्णा म्हणाले. मी कूलंट ओतलं. पुन्हा शांतता. पुन्हा एक.

तिसऱ्या की चौथ्या बुडबुड्यानंतर अण्णा पाण्याकडेच पाहत म्हणाले, "चहात साखर किती घालायची ते मला कळत नाही. ती घालायची. मी कधी मोजली नाही."

चाळीस वर्षांच्या वह्यांमधून एवढी एक नोंद राहून गेली होती. मला काही सुचलं नाही. मी पातळी पाहिली आणि आणखी थोडं ओतलं. हळूहळू बुडबुडे थांबले. इंजिनाचा आवाज कधी सपाट झाला ते कळलंही नाही. चालू असलेला पंखा जसा ऐकू येईनासा होतो, तसा तो ऐकू येईनासा झाला. तापमानाचा काटा मध्यावर येऊन बसला. अण्णांनी खिशातून वही काढली आणि लिहिलं: तारीख, किलोमीटर, कूलंट सातशे मिली.

काटा अजूनही मध्यावर आहे. पण आता मी त्याच्यावर विसंबत नाही. महिन्यातून एकदा, गाडी गार असताना, टोपण उघडून आत पाहतो.

त्या दिवशी वर आल्यावर चहा मी केला. अण्णांनी कप उचलला, एक घोट घेतला, खाली ठेवला. मी विचारलं, "कसा झालाय?"

"बरं आहे," ते म्हणाले.

मी थोडा वेळ थांबलो. मग पुन्हा विचारलं, "साखर?"

अण्णांनी कपाकडे पाहिलं. एखादी पट्टी वाचावी तसं, डोळे बारीक करून.

"अर्धा चमचा अजून," ते म्हणाले.